एचआयव्हीचे चार मार्ग पाठ आहेत, मग मेडिकलवर घसा का बसतो?

(ही आपल्या भागाची लिखित प्रत. बोलताना जिथं वाक्य तुटलं तिथं थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग घरात स्पीकरवर लावणार असाल, तर आधी शेजारी कोण बसलंय ते बघून घ्या. वाचत असाल तर स्क्रीन जरा आपल्याकडं वळवा. विषय आहे एचआयव्ही आणि कंडोम. आणि विषय नुसता ऐकून तुमचा हात आवाज कमी करायला गेला असेल, तर तेही आजच्या विषयातच येतं.

मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. पण साताऱ्या-सांगलीकडची पोरं-पोरी कॉलेजला, हॉस्टेलला, पुढं पुण्या-बेंगळुरूला नोकरीला जातात, त्यांच्यात मी वाढलोय. आणि एक गोष्ट सतत दिसते. माहिती आहे, पण ती स्वतःला लागू होते असं कुणाला वाटत नाही. आज हे दोन्ही एकत्र कसं नांदतं, तेवढंच समजून घेऊ. शेवटी कामाची माहिती पण देतो, कारण नुसती चर्चा करून कुणाचं काही वाचत नाही.

पाठांतर पक्कं आहे

आपल्याकडच्या कुठल्याही बारावी झालेल्या पोराला झोपेतून उठवून विचारा, एड्स कसा पसरतो? तो धडाधड सांगेल. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आईकडून बाळाला. चार मार्ग, चार मार्क. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, त्या दिवशी कॉलेजची रॅली निघते, रांगोळी स्पर्धा होते, लाल फितीचं पोस्टर लागतं. बऱ्याच कॉलेजांत रेड रिबन क्लबही आहे.

आता आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. नियमित कंडोम वापरल्यानं एचआयव्हीचा धोका कमी होतो, हे माहीत असणारे पुरुष देशात ८२ टक्के निघाले आणि बायका सुमारे ६८ टक्के. वाईट नाही. पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक मोजमाप आहे, त्याला 'सर्वंकष ज्ञान' म्हणतात. त्यात कंडोमबद्दल माहीत पाहिजे, निरोगी दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो हे माहीत पाहिजे, आणि डास चावून किंवा एका ताटात जेवून तो होतो असले गैरसमज नसले पाहिजेत. सगळं एकत्र मोजलं की पुरुष सुमारे ३१ टक्क्यांवर येतात आणि बायका सुमारे २२ टक्क्यांवर.

म्हणजे उत्तराची पहिली ओळ सगळ्यांना येते, पुढच्या ओळींवर गाडी अडते. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे 'निरोगी दिसणाऱ्या माणसालाही असू शकतो' ही. कारण आपण सगळे धोका माणसाकडं बघून ठरवतो.

'तसली माणसं' म्हणजे कोण?

आमच्या हॉस्टेलवर एड्स हा शब्द दोनच ठिकाणी यायचा. परीक्षेत आणि शिवीत. 'तिकडं जाऊ नको, एड्स होईल.' 'तिकडं' म्हणजे कुठं, ते सगळ्यांना ठाऊक. आपल्या डोक्यात एक साधा नियम लिहून ठेवलेला असतो. समोरचा किंवा समोरची चांगल्या घरातली असेल, शिकलेली असेल, आपल्या ओळखीतली असेल, तर धोका शून्य. नसेल तर धोका शंभर टक्के.

हा नियम किती चुकीचा आहे, ते आपल्याच जिल्ह्यांनी दाखवून दिलंय. २००७ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा देशातल्या जिल्ह्यांची प्रतवारी केली होती. ज्या जिल्ह्यात प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या गर्भवती बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १ टक्क्याहून जास्त आढळलं होतं, तो 'अ' गटात. महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे त्या गटात होते. त्यात सांगली होतं आणि साताराही.

आता ही फूटपट्टी नीट बघा. मोजणी कुणाची केली? सरकारी दवाखान्यात तपासणीला आलेल्या गरोदर बायकांची. यातल्या कितीतरी जणींच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष आलेला नव्हता. गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर पदर, आणि अहवालात एचआयव्ही. आपल्या नियमाप्रमाणं या बायकांना धोका शून्य होता. तो नियम विषाणूला कुणी सांगितलेला नव्हता.

मग विषाणू इथवर पोचला कसा? आपला भाग फिरतीचा आहे. साताऱ्याची किती घरं मुंबईच्या गिरण्यांवर आणि माथाडी कामावर उभी राहिली. विटा-खानापूरकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली. पुणे-बेंगळुरू हायवे सातारा, कराड, पेठ नाका करत खाली जातो. माणूस महिनोन्महिने घराबाहेर राहतो, एकटा असतो, आणि मग परत येतो. यात कुणाला व्हिलन करायची गरज नाही. माणसं ज्या जाळ्यात जोडलेली असतात, त्या जाळ्यातून विषाणू सरकतो, एवढंच.

हीच गोष्ट दूर अमेरिकेतही घडलीये. तिथं २०१९ साली कृष्णवर्णीय लोक लोकसंख्येच्या सुमारे १३ टक्के होते, पण एचआयव्हीच्या नव्या निदानांमध्ये त्यांचा वाटा ४२ टक्के होता. पहिला विचार काय येतो? 'त्यांचं वागणंच तसं असणार.' पण संशोधकांनी तरुणांच्या वागण्याची तुलना केली, तेव्हा उलटंच चित्र पुढं आलं. अगदी साधं, कमी जोखमीचं वागणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांनाही तसंच वागणाऱ्या गोऱ्या तरुणांपेक्षा लैंगिक संसर्गाचा धोका कितीतरी जास्त होता. ज्या समूहात त्यांचे संबंध जुळत होते, त्यात संसर्ग आधीपासून जास्त होता आणि तपासणी-उपचार हाताशी कमी होते. तिथल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या अभ्यासांतही आपल्या ओळखीचं चित्र दिसतं. माहिती भरपूर, पण 'मला होईल' असं वाटणारे थोडे.

ग्रीन्सबरो असो नाहीतर गडहिंग्लज, वीस वर्षांच्या पोराचं डोकं सारखंच चालतं.

जरा हिशोब करू

इंजिनियर आहे, त्यामुळं आकडे येणारच. असुरक्षित संबंधाच्या एका वेळी धोका किती, याचे अंदाज अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेनं, म्हणजे सीडीसीनं दिलेले आहेत. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो उपचार घेत नाही असं धरून, योनिमार्गाच्या संबंधात बाईला धोका १०,००० वेळांत सुमारे ८ वेळा. पुरुषाला सुमारे ४ वेळा. म्हणजे बाईला दुप्पट. गुदमार्गाच्या संबंधात घेणाऱ्या जोडीदाराला धोका १०,००० मध्ये सुमारे १३८. एकाच सुईनं दोघांनी नशा केली तर सुमारे ६३. जिममध्ये, तालमीत कुणी इंजेक्शन घेत असेल आणि सुई एकच फिरत असेल, तर त्यांनी हा आकडा जरा जास्त वेळ बघावा.

आता कुणीतरी म्हणणार, '१०,००० मध्ये ८? म्हणजे काहीच नाही की!' इथंच गंमत आहे. हा आकडा एका वेळेचा आहे. नातं एका वेळेचं नसतं. १०० वेळांचा हिशोब केला तर धोका सुमारे ७.७ टक्के होतो. २०० वेळांचा केला तर जवळजवळ १५ टक्के. आणि १३८ वाल्या प्रकारात ५० वेळांतच धोका ५० टक्क्यांवर जातो. सरळ नाणेफेक.

त्यात हे आकडे सरासरी आहेत. जोडीदाराला नुकताच संसर्ग झाला असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि धोका बराच वाढतो. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असेल तरी वाढतो. गंमत अशी की याच सुरुवातीच्या काळात माणसाला साधा ताप येऊन गेल्यासारखं वाटतं, किंवा काहीच वाटत नाही. तो धडधाकट दिसतो, दंडबैठका मारतो, भरतीचं ग्राउंड मारतो.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. एचआयव्ही असलेली व्यक्ती नियमित औषध घेत असेल आणि तिच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडण्याच्या पातळीखाली राहिला असेल, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. तपासणी न केलेला 'सभ्य' माणूस आणि औषध घेणारा एचआयव्हीबाधित माणूस, यांत धोका पहिल्याकडून आहे. आपण घाबरतो मात्र दुसऱ्याला.

कंडोमवर चिकटलेली तीन लेबलं

आता कंडोमकडं येऊ. रबराचा एवढासा तुकडा, पण त्यावर आपण किती काय चिकटवलंय बघा.

पहिलं लेबल कुटुंब नियोजनाचं. सरकारनं १९६८ मध्ये 'निरोध' आणला, ५ पैशांना एक. चहा, साबण, बॅटऱ्या विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांच्या वितरणातून तो गावोगाव पोचवला. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर दिसायला लागला. काम मोठं होतं. पण संदेश लग्न झालेल्यांसाठी होता. म्हणजे लग्न न झालेल्यानं कंडोम मागितला, की प्रश्न आलाच.

दुसरं लेबल एड्सचं. भारतात पहिले रुग्ण १९८६ मध्ये सापडले, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या कामातून. त्यानंतरच्या जाहिराती भीतीच्या होत्या. कवटी, काळा रंग, 'एका चुकीची शिक्षा'. म्हणजे कंडोम वापरणारा माणूस 'चूक' करायला निघालेला.

तिसरं लेबल टीव्हीवरच्या फ्लेवरवाल्या जाहिरातींचं. चॉकलेट, स्ट्रॉबेरी, आणि घरातले सगळे एकदम रिमोट शोधतायत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवा, अशी सूचना काढली. त्याआधी २००७ मध्ये आपल्या विधिमंडळात लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि शाळांमधला तो कार्यक्रम थांबवला गेला. म्हणजे वर्गात बोलायचं नाही, दिवसा टीव्हीवर दाखवायचं नाही, घरात तर विषयच नाही. मग पोरं शिकणार कुठून? मोबाइलवरच्या पॉर्नमधून, जिथं कंडोम जवळजवळ दिसतच नाही.

म्हणून तीन लेबलं. लग्न झालेल्यांचं, वाया गेलेल्यांचं, आणि चावट. १९ वर्षांची पोरगी किंवा पोरगा, जो यातला काहीच नाही, त्याला 'ही वस्तू तुझ्यासाठी पण आहे' असं सरळ सांगणारं लेबल कुणी लावलंच नाही.

आणि हे मराठीत कुणी बोललंच नव्हतं असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते थेट १९५३ मध्ये जाईपर्यंत. गणिताचा प्राध्यापक माणूस, त्यापायी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून मेडिकलच्या काउंटरवर अडकलोय.

मेडिकलचं काउंटर

हे काउंटर शहरातल्या माणसाला कळणार नाही. पुण्यात मेडिकलवाला तुम्हाला ओळखत नाही. पण आपल्या तालुक्याच्या गावात तो वडिलांचा वर्गमित्र असतो. त्याच्याकडूनच आजीची बीपीची गोळी येते. तुम्ही दुकानात शिरता, शेजारी गल्लीतल्या काकू उभ्या. मग तुम्ही एक क्रोसिन घेता, एक हॉल्स घेता आणि बाहेर येता. पोरगं हे करू शकतं तरी. पोरीनं मागितला तर गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचायची भीती.

मागितलाच तर तो कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत येतो. सॅनिटरी पॅडसारखाच. जी वस्तू काळ्या पिशवीत येते ती लाजेची, हे आपण न बोलता शिकतो.

पण आय-पिलसारख्या गोळ्या त्याच काउंटरवरून विकल्या जातात. कारण भीती पोटुशी राहायची आहे. ती नऊ महिन्यांत सगळ्या गावाला दिसते, एचआयव्ही दिसत नाही. आता हे कान देऊन ऐका. ती गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घेतली तर गर्भधारणा टळण्याची शक्यता वाढते, एवढंच तिचं काम. एचआयव्ही किंवा दुसऱ्या कुठल्याही गुप्तरोगापासून ती काडीचंही संरक्षण देत नाही. दोन्ही कामं एकत्र करणारी वस्तू कंडोम.

'माझ्यावर विश्वास नाही का?'

समजा काउंटर पार केलं. खरी अडचण पुढंच आहे. बऱ्याच जोडप्यांत कंडोम सुरुवातीला असतो आणि नातं 'सीरियस' झालं की जातो. दोन-तीन महिने झाले, घरच्यांची नावं कळली, एकमेकांचे पासवर्ड कळले, आता कशाला? इथं कुणी कंडोम काढला तर समोरून प्रश्न येतो, 'माझ्यावर विश्वास नाही का?' किंवा त्याहून वाईट, 'तू दुसरीकडं कुठं...?'

पोरींच्या बाबतीत आणखी एक गाठ. तिनं पर्समधून काढला, तर 'ही अनुभवी दिसते'. तिनं मागितला, तर 'हिला एवढं कसं माहीत?' म्हणजे ज्या व्यक्तीला धोका दुप्पट, तिलाच बोलायची सोय नाही.

यात विश्वास हा शब्द चुकीच्या जागी वापरला जातो. विश्वास हा हेतूवर असतो. तो खोटं बोलत नाही, ती फसवत नाही, हे सगळं खरं असू शकतं. पण स्वतःला संसर्ग आहे की नाही, हे तपासणी न केलेल्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं. जे त्यालाच माहीत नाही, ते तो प्रामाणिकपणानं सांगणार तरी कसं? हेल्मेट घालताना आपण चालवणाऱ्यावर अविश्वास दाखवतो का?

कंडोम सोडायचाच असेल तर त्याला सरळ रस्ता आहे. दोघांनी तपासणी करायची, मधला काळ थांबायचं, पुन्हा तपासणी करायची, दोघांचंच नातं आहे याची कबुली द्यायची, आणि मग गर्भनिरोधाची दुसरी सोय बघायची. लग्न ठरताना पत्रिका जुळवतो तेव्हाही हेच लागू आहे. छत्तीस गुण जुळले तरी रक्ताचा अहवाल त्यात कुठं नसतो.

गोकुळनगरच्या बायकांकडून काय शिकायचं

सांगलीत गोकुळनगर आहे. तो शब्द आपल्याकडं कसा उच्चारला जातो ते माहिती आहे सगळ्यांना. पण एचआयव्हीच्या बाबतीत जगभर सांगलीचं नाव ज्यामुळं घेतलं जातं, ते काम तिथल्या बायकांनी केलंय.

१९९२ मध्ये मीना सरस्वती शेषू यांच्या पुढाकारानं 'संग्राम', म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेचं काम सुरू झालं. १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', सगळे 'व्हॅम्प' म्हणतात. कामाची पद्धत बघा. बाहेरून कुणी बाई येऊन भाषण देणार नाही. वस्तीतल्याच बायका वस्तीतल्या बायकांना कंडोम देणार, वापरायचा कसा ते दाखवणार, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काय बोलायचं ते आपसांत ठरवणार.

यातला तर्क भारी आहे. एकटीनं 'कंडोमशिवाय नाही' म्हटलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्यांनीच तेच म्हटलं, तर त्याला जायला दार उरत नाही. कंडोम ही एकटीच्या हिमतीची गोष्ट राहिली नाही, वस्तीचा रिवाज झाली.

पुढं अमेरिकी सरकारच्या मदतीसोबत अट आली, की वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या. संग्रामनं २००५ मध्ये ते पैसे नाकारले. ज्या बायकांसोबत काम करतोय त्यांनाच नावं ठेवणारा कागद सही करून द्यायचा, हे त्यांना पटलं नाही. आणि कामाच्या दृष्टीनंही ते बरोबरच आहे. ज्याला आपण आधी दोषी ठरवतो, तो आपल्याला खरं सांगत नाही.

आता आपल्याकडं बघा. ज्या बायकांना आपण 'तसल्या' म्हणतो, त्या कंडोमबद्दल उघड बोलतात, मोजून वापरतात, तपासणी करून घेतात. आणि त्यांच्यापासून दोन किलोमीटरवरच्या हॉस्टेलमधला, वर्गात पहिला येणारा पोरगा 'आपल्यात तसलं काही नसतं' म्हणून निर्धास्त असतो. हॉस्टेललाही तोच रिवाज करता येईल. मित्रानं खोलीत पाकीट ठेवलं तर त्याची टर उडवायची नाही, एवढ्यापासून सुरुवात होते. ज्याला मित्रांसमोर हसं होईल असं वाटत नाही, तोच काउंटरवर जातो.

आता कामाचं

कंडोम घेताना तारीख बघा. पाकीट बोटांत दाबून बघा, आत हवेची उशी जाणवली पाहिजे. दातानं फोडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग पूर्ण खालपर्यंत उलगडा. काम झालं की कडा धरून लगेच बाहेर या, गाठ मारा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. दर वेळी नवा. एकावर एक दोन घालू नका, घासून फाटतात. खोबरेल तेल, व्हॅसलिन लावू नका, तेलानं लॅटेक्स कमजोर होतं; पाण्याचं ल्युब्रिकंट चालतं. आणि महिनोन्महिने मागच्या खिशातल्या पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हानं रबर जातं.

'कंडोम फुटतोच, मग काय उपयोग?' असं म्हणणारे भेटतात. गर्भधारणेच्या बाबतीत दर वेळी नीट वापरला तर वर्षभरात १०० पैकी ९८ जोडपी सुरक्षित राहतात. जसा लोक प्रत्यक्षात वापरतात, म्हणजे कधी उशिरा, कधी विसरून, तसं धरलं तर सुमारे ८७. मधला फरक आपल्या हातांचा आहे.

काउंटरचा संकोच होत असेल तर ऑनलाइन मागवा. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो.

तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये होते, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय. फुकट असते, आधी समुपदेशक बोलतात, निकाल गुप्त राहतो. गावात ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल तर दुसऱ्या शहरातल्या केंद्रात जा, सगळीकडं सोय आहे. एक लक्षात ठेवा, आज धोका झाला आणि उद्या चाचणी केली तर ती निगेटिव्ह येणारच. झटपट चाचणीत संसर्ग दिसायला ३ महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळं ३ महिन्यांनी पुन्हा करा.

धोका झाला असं वाटलं, कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर वाट बघू नका. ७२ तासांच्या आत सुरू केली तर संसर्ग रोखू शकतील अशी औषधं आहेत, २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. सरळ सरकारी रुग्णालय गाठा. काही विचारायचं असेल तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे, चोवीस तास.

आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर? १ एप्रिल २००४ पासून सरकार मोफत औषधं देतंय. २०१७ पासून धोरण असं आहे की निदान झालं की उपचार लगेच सुरू. औषध वेळेवर घेणारा माणूस शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निरोगी मूल होऊ शकतं, म्हातारा होतो. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तुमची माहिती फोडता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून कॉलेज किंवा कंपनी तुम्हाला काढू शकत नाही.

देशात २०२३ च्या अंदाजानुसार २५ लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगतायत, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. नवे संसर्ग २०१० च्या तुलनेत बरेच घटलेत. ही घट ज्यांनी कंडोम वापरला, तपासणी केली, औषध चुकवलं नाही, त्यांनी आणलीये. जे 'आपल्यात तसलं नसतं' म्हणत बसले, त्यांचा त्यात वाटा नाही.

तर मंडळी, हा भाग कुणाला पाठवायचा असेल तर कॉलेजच्या ग्रुपवर टाकण्याआधी एका मित्राला, एका मैत्रिणीला वेगळा पाठवा. ग्रुपवर सगळे हसण्याचे इमोजी टाकतील. एकट्यानं वाचला तर प्रश्न विचारतील. प्रश्न आले तर आमच्यापर्यंत पोचवा, पुढच्या भागात डॉक्टरांनाच बसवून विचारू. भेटू मग. काळजी घ्या, आणि पाकिटावरची तारीख बघा.